हिंदू-अरबी अंक: नेमके कोणाचे, आणि त्यांचा खरा फायदा कोणता?

जिज्ञासू

सर्वांना नमस्कार. मुलीला संख्यालेखनाचा धडा समजावून सांगताना मी तीन ठिकाणी अडखळलो. जे मला स्वतःलाच नीट उमगलेले नाही ते तिला ठामपणे सांगणे योग्य वाटेना, म्हणून हा धागा काढत आहे.

पहिली शंका नावाची आहे. आपण ज्या दहा अंकांनी सगळे व्यवहार करतो त्यांना कोठे 'हिंदू-अरबी' म्हणतात, कोठे नुसते 'अरबी', आणि आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४३ मध्ये तर 'भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप' असा शब्दप्रयोग आहे. मग यात भारतीयांचे काय आणि अरबांचे काय?

दुसरी शंका शून्याची. 'आर्यभटाने शून्याचा शोध लावला' हे वाक्य मी शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहे. पण बाबिलोनच्या लोकांकडे त्याच्या कितीतरी आधी रिकाम्या जागेसाठी खूण होती, असेही वाचनात येते. मग भारतात शोध लागला तो कशाचा?

तिसरी शंका मला सर्वांत महत्त्वाची वाटते. रोमन लोकांनी त्यांच्या अक्षरी अंकांवर साम्राज्य चालवले, जलसेतू बांधले, कर गोळा केले. असे असताना दशमान स्थानमूल्य पद्धतीने, म्हणजे अंकाची किंमत त्याच्या जागेवरून ठरवण्याच्या पद्धतीने, जग बदलले, हे आपण कशाच्या आधारावर म्हणतो? 'ती सोपी आहे' एवढ्या उत्तराने माझे समाधान होत नाही. तो सोपेपणा नेमका कोठे दडला आहे, हे कोणी एखादे उदाहरण सोडवून दाखवले तर फार बरे होईल.

शिलालेख_अभ्यासक

तुमच्या पहिल्या दोन शंकांचे मूळ एकच आहे. अंकांची चिन्हे आणि अंकांची पद्धत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एकच मानल्या की गोंधळ होतो. भारतात चिन्हे आधी आली आणि स्थानमूल्य त्यानंतर काही शतकांनी आले.

इ.स.पू. तिसऱ्या शतकातील अशोकाच्या लेखांत ब्राह्मी अंकचिन्हे तुरळक सापडतात. ती भरपूर आणि एकाच ठिकाणी पाहायची असतील तर जुन्नरजवळच्या नाणेघाटातील सातवाहनांचा लेख पाहावा. साधारण दोन हजार वर्षांपूर्वी लेण्याच्या भिंतींवर कोरलेला हा लेख म्हणजे यज्ञप्रसंगी दिलेल्या दक्षिणांचा हिशेबच आहे. गायी, घोडे, हत्ती आणि कार्षापणे (तेव्हाची नाणी) किती दिली हे तेथे आकड्यांत नोंदलेले आहे. त्यामुळे प्राचीन भारतीय अंकांच्या कोणत्याही इतिहासात या घाटाचे नाव हटकून येते.

पण हे आकडे आपल्यासारखे मांडलेले नाहीत. एक, दोन यांसाठी आडव्या रेघा आहेत, पुढच्या एककांना स्वतंत्र चिन्हे आहेत, आणि दहा, वीस, ऐंशी, शंभर, हजार यांनाही आपापली वेगळी चिन्हे आहेत. चार हजार लिहायचे तर हजाराच्या चिन्हाला चाराचे चिन्ह जोडलेले दिसते. नाशिकच्या पांडवलेण्यांतील लेखांतही हीच रीत आहे. या पद्धतीत शून्याची गरजच पडत नाही, कारण शंभराचे चिन्ह कोठेही लिहिले तरी ते शंभरच राहते. त्यामुळे 'नाणेघाटात आजचे अंक आहेत' हे विधान आकृतींपुरते बरेचसे खरे आहे आणि पद्धतीबाबत चूक आहे.

शून्यासह स्थानमूल्याने लिहिलेले आणि काळ निश्चित असलेले लेख पुढे मिळतात. त्यांतला फार जुना आणि निर्विवाद लेख भारतात नसून कंबोडियात, मेकाँग नदीकाठच्या संबोर येथे सापडला. जुन्या ख्मेर भाषेतील या लेखात शकवर्ष ६०५, म्हणजे इ.स. ६८३, अंकांत दिले आहे आणि मधले शून्य ठसठशीत टिंबाने दाखवले आहे. शककालगणना आणि अंक ही दोन्ही तेथे भारतातून गेली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही युरोपीय अभ्यासक असे मांडत होते की स्थानमूल्याचे अंक भारतात बरेच उशिरा आणि बाहेरून आले. जॉर्ज सेदेस या फ्रेंच अभ्यासकाने १९३१ मध्ये याच लेखाकडे लक्ष वेधून ते मत खोडून काढले.

प्रत्यक्ष भारतातील जे उदाहरण सर्वांना माहीत असावे असे मला मनापासून वाटते, ते ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील चतुर्भुज मंदिरातील आहे. संवत् ९३३ म्हणजे इ.स. ८७६ मधील या लेखात देवासाठी फुलबाग लावायला दिलेल्या जमिनीचे माप २७० हात गुणिले १८७ हात असे आहे, आणि रोज ५० माळा देण्याची तरतूद आहे. २७० आणि ५० मधले शून्य शेजारच्या अंकांपेक्षा आकाराने लहान, गोल आणि किंचित वर कोरलेले आहे. माळांचा हिशेब कोरणाऱ्याला ही पद्धत वाचकांना समजावून सांगावी लागली नाही, याचा अर्थ ती तोपर्यंत रुळलेली होती.

तारांगण

वरील प्रतिसाद उत्तम आहे, पण एक भर घालावीशी वाटते. भाखशाली हस्तलिखिताचा उल्लेख राहून गेला. पेशावरच्या परिसरातील भाखशाली गावी १८८१ मध्ये सापडलेल्या भूर्जपत्रांच्या या पोथीत शून्यासाठी शेकडो टिंबे आहेत, आणि २०१७ मध्ये ऑक्सफर्डने केलेल्या कार्बन कालमापनात तिचा काळ तिसरे-चौथे शतक असा आला. तेव्हा शून्याचे सर्वांत जुने लिखित उदाहरण तेच मानायला नको का?

शिलालेख_अभ्यासक

तो निष्कर्ष मी जपून वापरतो, आणि त्याचे कारण त्याच मापनात आहे. तेव्हा तीन पाने तपासली गेली आणि तीन वेगळे काळ निघाले: एका पानाचा २२४ ते ३८३, दुसऱ्याचा ६८० ते ७७९ आणि तिसऱ्याचा ८८५ ते ९९३. पोथीतील हस्ताक्षर आणि मजकुराचा ओघ पाहून अनेक गणितेतिहासकारांनी लगेच आक्षेप घेतला की ही एकसलग लिहिलेली रचना आहे, आणि तसे असेल तर लेखनाचा काळ सर्वांत अलीकडच्या पानाहून आधीचा असू शकत नाही. भूर्जपत्र जुने असणे आणि त्यावरची शाई जुनी असणे या दोन गोष्टी एक नाहीत. पोथी मोलाची आहेच. तिच्यातील व्यापारी गणिते वाचली की शून्याचे टिंब रोजच्या हिशेबात किती सहज वापरले जात होते ते कळते. परंतु काळाचा पुरावा म्हणून संबोर आणि ग्वाल्हेर हेच अधिक भक्कम आहेत.

पाटीगणित

मी अनेक वर्षे गणित शिकवत आहे आणि हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

वरच्या चर्चेत कोरीव लेखांचा पुरावा आला, पण भारतात स्थानमूल्याची कल्पना दगडावर येण्याच्या बऱ्याच आधी शब्दांत स्थिरावली होती. यजुर्वेदाच्या संहितांत एक, दश, शत, सहस्र, अयुत, नियुत, प्रयुत असे करत परार्धापर्यंत, म्हणजे एकावर बारा शून्ये इथपर्यंत, दहाच्या प्रत्येक घाताला स्वतंत्र नाव आहे. ग्रीकांकडे दहा हजारांच्या पुढे अशी सलग नावे नव्हती. ज्या भाषेत दहाच्या प्रत्येक पायरीला नाव मिळालेले असते, तिच्यात 'पायरी' ही वस्तू म्हणून डोळ्यांसमोर उभी राहते. मग त्या पायरीवर कोणता अंक ठेवायचा एवढेच सांगणे उरते. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास नेमके हेच सूत्रात बांधले. एक, दश, शत अशी नावे देत तो म्हणतो की प्रत्येक स्थान आधीच्या स्थानाच्या दसपट असते. वर्गमूळ काढण्याची त्याची रीतही वर्गस्थाने आणि अवर्गस्थाने मोजत जाते, जे स्थानमूल्य गृहीत धरल्याशिवाय शक्यच नाही.

मात्र आर्यभटाच्या श्लोकांत शून्याचे चिन्ह नाही. संख्या श्लोकात बसवण्यासाठी त्याने अक्षरांची वेगळीच योजना केली होती, तिच्यात 'ख्युघृ' एवढ्याने ४३,२०,००० ही संख्या सांगता येते आणि तेथे दहाचा घात स्वरावरून ठरतो. तेव्हा 'आर्यभटाने शून्य शोधले' या वाक्याऐवजी 'आर्यभटाला स्थानमूल्य पूर्णपणे अवगत होते' असे मुलीला सांगावे. ते खरे आहे आणि त्याच्या थोरवीला साजेसेही आहे.

आता बाबिलोन. त्यांची पद्धत स्थानमूल्याचीच होती, पण पाया साठ होता, आणि रिकाम्या जागेची खूण त्यांनी इ.स.पू. शेवटच्या काही शतकांत वापरायला सुरुवात केली. ती खूण संख्येच्या मध्ये येई, शेवटी सहसा येत नसे. परिणामी एक, साठ आणि तीन हजार सहाशे या संख्या दिसायला सारख्याच. कोणती ते संदर्भावरून ओळखायचे. मध्य अमेरिकेतील माया लोकांकडेही विसाच्या पायाची, शून्यासह चालणारी पद्धत होती, आणि चिनी लोक काड्या मांडून दशमान स्थानमूल्याने हिशेब करत, तेथे रिकामे घर रिकामेच सोडत. हे सगळे प्रामाणिकपणे सांगायला हवे, कारण त्यामुळे भारतीय कामगिरी कमी होत नाही, ती नेमकी कोणती हे स्पष्ट होते. नऊ चिन्हे, दहाचा पाया, जागेवरून ठरणारी किंमत आणि संख्येच्या कोणत्याही स्थानी बसू शकणारे शून्य या चार गोष्टी लेखनात एकत्र आल्या त्या येथे.

त्याहून मोठे पाऊल ब्रह्मगुप्ताचे आहे. इ.स. ६२८ मध्ये राजस्थानातील भिल्लमाल येथे, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्याने 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' लिहिला आणि त्यात शून्याला धन व ऋण संख्यांच्या पंगतीला बसवले. समान धन आणि ऋण मिळवले तर शून्य येते, कोणत्याही संख्येला शून्याने गुणले तर शून्य येते, शून्यातून धन वजा केले तर ऋण येते, असे नियम त्याने एकापाठोपाठ एक दिले. रिकामी जागा दाखवणारी खूण आणि बेरीज-वजाबाकीत भाग घेणारी संख्या यांत फार मोठे अंतर आहे, आणि ते अंतर ओलांडलेले आपल्याला पहिल्यांदा स्पष्टपणे त्याच्या ग्रंथात दिसते. शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य, असेही त्याने लिहिले, ते चुकले. पाचशे वर्षांनी भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला 'खहर' असे नाव देऊन ती अनंत मानली. तेही आजच्या गणितात तसेच्या तसे टिकत नाही. पण शून्याने भागल्यास काय होते, हा प्रश्न पडण्यासाठी आधी शून्य ही संख्या मानावी लागते.

तिसऱ्या शंकेसाठी भास्कराचार्यांच्याच 'लीलावती'तील गुणाकाराचे पहिले उदाहरण घेऊ. त्यात १३५ ला १२ ने गुणायला सांगितले आहे. श्लोकात १३५ ही संख्या 'पञ्चत्र्येक' अशी येते, म्हणजे पाच, तीन, एक. एककापासून सुरुवात करून डावीकडे जायचे, 'अङ्कानां वामतो गतिः' या नियमाप्रमाणे. बारासाठी शब्द आहे 'दिवाकर', कारण आदित्य बारा. चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन, वेद म्हणजे चार, आकाश म्हणजे शून्य, असे हे भूतसंख्यांचे शास्त्र. संख्या उच्चारताना 'शे' नाही, 'हजार' नाही, केवळ क्रम आहे. स्थानमूल्य बोलण्यात किती मुरले होते याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

आता हिशेब. १३५ ला २ ने गुणून २७०. १३५ ला १ ने गुणून १३५, पण तो एक दशकस्थानी आहे म्हणून हे १३५ एक घर डावीकडे सरकवून लिहायचे. बेरीज १६२०. भास्कराचार्य याला स्थानांनुसार केलेले विभाजन म्हणतात. पाहा, दहाने गुणण्यासाठी काहीच करावे लागले नाही, नुसते घर सरकले.

हेच रोमन अंकांत करू. १३५ म्हणजे सी-एक्स-एक्स-एक्स-व्ही आणि १२ म्हणजे एक्स-आय-आय. हे गुणाकार अशक्य आहेत असे अनेकदा लिहिले जाते, पण तसे नाही. सी गुणिले एक्स म्हणजे एम, तीन एक्स गुणिले एक्स म्हणजे तीन सी, व्ही गुणिले एक्स म्हणजे एल. पुढे दोनाने गुणून दोन सी, सहा एक्स म्हणजे एल-एक्स, आणि दोन व्ही म्हणजे एक्स. सगळी अक्षरे गोळा करून पाच सींचे एक डी करायचे, दोन एलांचे एक सी करायचे, आणि उत्तर एम-डी-सी-एक्स-एक्स. उत्तर येते. पण फरक कोठे पडला ते पाहा. एक्स गुणिले एक्स, एक्स गुणिले सी, व्ही गुणिले एक्स ही प्रत्येक जोडी वेगळी लक्षात ठेवावी लागली. आपल्या पद्धतीत तीन गुणिले दोन हे एकदा पाठ केले की ते एककात, शतकात, कोटीत कोठेही चालते. पाढे नऊ गुणिले नऊपर्यंत पाठ असले की जगातील कोणताही गुणाकार त्यांतच मावतो. बाकीचे काम घर आणि हातचा करतात. बाबिलोनच्या पद्धतीत हेच पाठांतर एकोणसाठ गुणिले एकोणसाठपर्यंत न्यावे लागले असते, म्हणून त्यांना कोष्टकांच्या मातीच्या पाट्या जवळ ठेवाव्या लागत. सोपेपणा दडला आहे तो येथे.

आणि रोमनांनी साम्राज्य कसे चालवले? हिशेब ते अंकांनी करतच नव्हते. ते मोजपट्टावर खडे सरकवून हिशेब करत आणि उत्तर तेवढे अक्षरांत लिहून ठेवत. खडे उचलले की हिशेबाची वाट पुसली जाई, उरे ते फक्त उत्तर. आपल्या अंकांत मोजणे आणि लिहिणे एकच झाले, म्हणून चूक कोठे झाली ते दुसऱ्याला मागे जाऊन शोधता येते. माझ्या मते या पद्धतीचा सर्वांत मोठा फायदा हाच आहे. वर्गात मी विद्यार्थ्याचे चुकलेले उत्तर तपासतो तेव्हा दोन ओळी वर जाऊन 'हातचा येथे राहिला' असे बोट ठेवून दाखवू शकतो. खड्यांच्या पटावर हे शक्य नव्हते.

तारांगण

गुणाकार समजला, परंतु एका मुद्द्यावर मी वेगळे मत नोंदवतो. मोजणे आणि लिहिणे एक झाले हे श्रेय पूर्णपणे भारतीय पद्धतीला देता येणार नाही. आपल्याकडे गणित पाटीवर धूळ पसरून करत, त्याला धूलिकर्म असेच नाव होते, आणि गणिताच्या ओघात जुने अंक पुसून त्यांच्या जागी नवे लिहिले जात. म्हणजे वाट येथेही पुसलीच जात होती.

पाटीगणित

आपला आक्षेप रास्त आहे आणि मी माझे विधान दुरुस्त करतो. पुसल्याशिवाय गणित करण्याची शक्यता या अंकांत मुळापासून होती, पण ती प्रत्यक्षात आणण्याचे मोठे श्रेय अरबी भाषेत लिहिणाऱ्या गणितज्ञांना जाते. दमास्कस येथे इ.स. ९५२-५३ मध्ये अल-उक्लिदिसी याने भारतीय गणनेवर ग्रंथ लिहिला आणि त्यात धुळीच्या पाटीऐवजी शाई व कागद वापरता येईल अशा रीतीने सगळ्या कृती बदलून दिल्या. त्याने दिलेले एक कारण वाचून तो काळ डोळ्यांसमोर उभा राहतो. रस्त्यावर बसून भविष्य सांगून पोट भरणाऱ्यांच्या हातात धुळीची पाटी असे, आणि आपण त्यांच्यापैकी वाटू नये म्हणून अनेक जाणती माणसे ती चारचौघांत वापरायला संकोचत. त्याच ग्रंथात दशांश अपूर्णांकही दिसतात. संख्येचे अर्ध करत गेल्यावर एककाच्या उजवीकडेही तीच दहाची उतरंड चालू ठेवता येते, हे त्याने ओळखले. पुढे समरकंदच्या अल-काशीने १४२७ मध्ये ते पद्धतशीर मांडले आणि युरोपात सिमॉन स्टेविनने १५८५ मध्ये त्यांचा प्रसार केला.

जिज्ञासू

इतक्या आस्थेने लिहिल्याबद्दल तिन्ही जाणकारांचा मी मनापासून आभारी आहे. १३५ गुणिले १२ हे उदाहरण मी दोन्ही पद्धतींनी मुलीकडून करून घेतले. रोमन अक्षरांत तिला बराच वेळ लागला, पण दोन एलांचे एक सी झाले तेव्हा तिने स्वतःच विचारले की आपल्याकडे हेच 'हातचा' म्हणून होते का.

तिचे आणखी दोन प्रश्न आहेत. अरबी पुस्तकांतले अंक आपल्या ओळखीचे वाटत नाहीत, मग युरोपने 'अरबी' अंक घेतले ते कोणते? आणि आपण लिहिताना २५ मधला दोन आधी लिहितो, पण म्हणताना 'पंचवीस' म्हणून पाच आधी म्हणतो, असे का?

अनाहूत

आतापर्यंत वाचत होतो. या दोन प्रश्नांवर लिहितो.

भारतीय अंकांची कीर्ती पश्चिमेला इस्लामी ग्रंथांच्याही आधी पोहोचली होती. युफ्रेटिसच्या काठावरील केनेश्रे मठातील सेवेरस सेबोख्त या सिरियाक बिशपने इ.स. ६६२ मध्ये लिहिताना, नऊ चिन्हांनी केल्या जाणाऱ्या भारतीय गणनेची फार प्रशंसा केली आहे. ग्रीक भाषा येते एवढ्यावर सगळे शास्त्र आपल्याच हाती आले असे मानणाऱ्यांना त्याने ते सुनावले होते. पुढच्या शतकात बगदाद वसले, सिंधमार्गे भारतीय ज्योतिषग्रंथ तेथे पोहोचले, आणि इ.स. ८२५ च्या सुमारास अल-ख्वारिझ्मीने भारतीय गणनेवर पुस्तक लिहिले. त्याचे मूळ अरबी हस्तलिखित आज उपलब्ध नाही, पण लॅटिन भाषांतरे टिकली, आणि त्याच्या नावाचे लॅटिन रूप म्हणजेच आजचा 'अल्गोरिदम' हा शब्द. एका माणसाचे नाव पायरीपायरीने करायच्या कोणत्याही कृतीला मिळाले, यावरून त्या पुस्तकाचा प्रभाव लक्षात यावा. अरब लेखकांनी या अंकांना नेहमी 'हिंदी' असेच म्हटले. त्यांनी श्रेय लपवले नाही, हे मला मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

अरब जगात या अंकांची दोन वळणे झाली. पूर्वेकडे जे वळण रुळले ते आज अरबी आणि थोड्याफार फरकाने फारसी व उर्दू लेखनात दिसते. पश्चिमेकडे, मघरिब म्हणजे वायव्य आफ्रिका आणि स्पेनमध्ये, वेगळे वळण घडले. त्याला धुळीवरून 'घुबार' असे नाव पडले. युरोपने घेतले ते हे दुसरे वळण. स्पेनमधील अल्बेल्दा येथील मठात इ.स. ९७६ मध्ये पूर्ण झालेल्या हस्तलिखितात नऊ भारतीय अंक आहेत. युरोपातील ज्ञात उदाहरणांत ते सर्वांत जुने मानले जाते, आणि त्यात शून्य नाही. पिसाच्या लिओनार्दोने, ज्याला आपण फिबोनाची म्हणून ओळखतो, हे अंक उत्तर आफ्रिकेतील बुजिया बंदरात शिकून १२०२ मध्ये 'लिबेर अबाची' लिहिला, आणि त्याची सुरुवातच 'भारतीयांचे नऊ अंक' अशी केली. शून्याला त्याने 'झेफिरुम' म्हटले. संस्कृत 'शून्य' म्हणजे रिकामे, त्याचे अरबी भाषांतर 'सिफ्र', त्यावरून 'झेफिरुम', आणि त्यावरून आजचे 'झिरो'. आपल्या जुन्या मराठीत मात्र शून्याला 'पूज्य' असा एक सुंदर शब्द होता. तो आता मागे पडला याची मला खंत वाटते.

तरीही युरोपने हे अंक लगेच स्वीकारले नाहीत. १२९९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने हिशेबवह्यांत ते वापरण्यास बंदी घातली. हातांनी लिहिलेल्या शून्याचा सहा किंवा नऊ करणे सोपे होते आणि शेवटी एक अंक वाढवला तर रक्कम दसपट होत होती. या पद्धतीचा हा खरा तोटा आहे आणि तो तिच्या गुणातूनच येतो: एवढ्याशा खुणेत एवढी मोठी किंमत साठवली की एवढ्याशा खाडाखोडीने तेवढेच मोठे नुकसानही होते. मोठ्या रकमा आकड्यांबरोबर अक्षरीही लिहिण्याची रीत आजही टिकून आहे ती याच भीतीपोटी. कागद स्वस्त झाला, छपाई आली, व्यापारी शाळांतून हे गणित शिकवले जाऊ लागले, तेव्हा कोठे सोळाव्या शतकापर्यंत रोमन अंक हिशेबातून मागे हटले.

आकृतींचे नाते मुलीला हाताने लिहून दाखवा. दोन आडव्या रेघा एकाखाली एक काढा, म्हणजे ब्राह्मी दोन झाला. आता हात न उचलता त्याच रेघा काढायला सांगा. वरच्या रेघेच्या उजव्या टोकाकडून खालच्या रेघेच्या डाव्या टोकाकडे लेखणी घसरत येईल आणि रोमन लिपीबरोबर छापला जाणारा दोनाचा अंक आपोआप उमटेल. आपला देवनागरी २ ही त्याच दोन रेघांची दुसरी वळणदार आकृती. तीन रेघा घेतल्या की तीनचेही तसेच. ही दोन्ही कुळे एकाच घराण्याची आहेत, म्हणून राज्यघटनेतील तो शब्दप्रयोग इतिहासाला धरूनच आहे.

राहिला 'पंचवीस'चा प्रश्न. संस्कृतमध्ये 'पञ्चविंशति', म्हणजे पाच आणि वीस. लहान आधी, मोठे मागून. मराठीने शंभराच्या आतील संख्यांत तोच क्रम राखला. शंभराच्या पुढे मात्र आपण मोठे आधी म्हणतो: 'एकशे पंचवीस', म्हणजे शतक, मग एकक, मग दशक. शिवाय 'एकोणतीस' म्हणताना तिसातून एक वजाही करतो. बोलण्याला हे चालते, कारण 'वीस', 'तीस', 'शे' हे शब्द आपली किंमत बरोबर घेऊन येतात आणि कोठेही ठेवले तरी ती बदलत नाही. नाणेघाटातील शंभराच्या चिन्हासारखेच ते. लिहिलेल्या २ ला मात्र स्वतःची ठरलेली किंमत नाही, ती त्याला शेजारच्या ५ मुळे मिळालेले दशकाचे घर देते, म्हणून तेथे क्रम मोडता येत नाही. गमतीची बाब अशी की अरबी लिपी उजवीकडून डावीकडे जाते, तरी अरबांनी अंकांची मांडणी आहे तशीच ठेवली. त्यामुळे उजवीकडून वाचत येणाऱ्याला एकक आधी भेटतो, आणि अरबीतही पंचवीसला 'पाच आणि वीस' असेच म्हणतात. त्यांच्या पानावर २५ ही संख्या लिपीच्या ओघात वाचली तर ती आपल्या 'पंचवीस'च्या क्रमानेच उच्चारली जाते.

जिज्ञासू

रेघांचा प्रयोग आत्ताच करून पाहिला. दोन लगेच जमला. तीन काढताना तिने हात न उचलता तिन्ही रेघा जोडल्या तेव्हा देवनागरी ३ आणि दुसरा तीन यांच्या मधलेच काहीतरी वळण कागदावर उतरले, आणि ते तिने वहीत तारखेसह जपून ठेवले आहे. आता चारचा प्रयोग कसा करायचा ते ती विचारते आहे. नाणेघाटातील चार कसा दिसतो हे शिलालेख_अभ्यासक यांनी सांगितले तर आम्ही तेथून पुढे जाऊ.

शिलालेख_अभ्यासक

अवश्य. अशोककालीन ब्राह्मीतील चार हा साध्या अधिक चिन्हासारखा आहे: एक उभी रेघ आणि तिला छेदणारी आडवी रेघ. पुढच्या लेखांत उभ्या रेघेचे खालचे टोक वळू लागते. तिला अधिक चिन्ह काढायला सांगा, मग त्याची वरची दोन टोके थोडी फाकवा आणि खालच्या टोकाला गाठ मारा. आपला ४ मिळेल. पाचपासून पुढे मात्र रेघांचा हिशेब लागत नाही. तेथे शतकाशतकाची वळणे एकाखाली एक मांडलेला तक्ताच पाहावा लागतो.